नील बेटावर सहकुटुंब मुक्काम: भरती-ओहोटी, बोटी आणि दिवसांचा हिशेब

प्रश्न असा आहे: नाशिकचे एक कुटुंब भाऊबीज आटोपून अंदमानला निघणार आहे. माणसे सहा असून त्यांत सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि दहा व सात वर्षांची दोन मुले आहेत. हाताशी पाच रात्री आहेत. सहल-आयोजकाने दिलेल्या आखणीत पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉक बेट येथे मुक्काम आहे. नील बेटासाठी मात्र एक बोट पोहोचल्यापासून दुसरी निघेपर्यंतचे चार तास राखले आहेत. तेवढा वेळ पुरेसा आहे का, आणि हे बेट वृद्धांना झेपेल का?

उत्तर आधीच सांगून टाकतो. चार तास पुरेसे नाहीत, आणि वृद्धांना हॅवलॉकपेक्षा नील अधिक सोयीचे आहे. आपली आखणी माझ्या हाती असती, तर पाच रात्रींपैकी मधल्या दोन मी नीलला दिल्या असत्या, पहिली आणि शेवटच्या दोन पोर्ट ब्लेअरला ठेवल्या असत्या, आणि हॅवलॉक या खेपेस सोडून दिले असते. सहावी रात्र काढता आली, तर हॅवलॉकचा पुन्हा विचार करता येईल. असे का म्हणतो, हे पुढे विस्ताराने मांडतो.

प्रथम नावांचा घोळ दूर करू, कारण तिकिटे काढताना त्यानेच तारांबळ उडते. डिसेंबर २०१८ मध्ये नीलचे नाव शहीद द्वीप आणि हॅवलॉकचे स्वराज द्वीप असे करण्यात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. तिकिटावर आणि सरकारी फलकांवर नवी नावे दिसतात, रिक्षावाले व दुकानदार जुनीच वापरतात. दोन्ही लिहून जवळ ठेवावीत. भारतीय नागरिकांना या तिन्ही ठिकाणी जाण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. (लक्षद्वीपचे तसे नाही, तिथे आपल्यालाही प्रवेश-परवाना काढावा लागतो.) मात्र जेटीवर प्रत्येकाचे छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहिले जाते, आणि तिकिटावरील नाव त्याच्याशी जुळावे लागते. मुलांची आधार कार्डे घरी विसरून येणारे पालक मी अनेक पाहिले आहेत.

नील हे साधारण १४ चौरस किलोमीटरचे, बहुतांशी सपाट बेट आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर पाचेक किलोमीटर. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारने येथे जमिनी देऊन वसवले, आणि आजही भातशेती व भाजीपाला हाच येथील अनेक घरांचा आधार आहे. पोर्ट ब्लेअर व हॅवलॉकच्या बाजारात येथूनच भाजी जाते. किनाऱ्यांची नावे भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर अशी आहेत. पंचवटीच्या माणसाला ती पाठ करावी लागत नाहीत, एवढाच त्याचा आपल्याला फायदा. सांगायची गोष्ट अशी की जेटीपासून कोणतेही हॉटेल रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांच्या आत आहे, चढ-उतार जवळजवळ नाही, आणि गर्दी हॅवलॉकच्या मानाने बरीच कमी असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला याहून वेगळे काय हवे?

आता मुद्द्याचे. या बेटावर काय करता येईल हे घड्याळ ठरवत नाही, भरती-ओहोटी ठरवते. लक्ष्मणपूर क्रमांक दोनच्या किनाऱ्यावर खडकाची नैसर्गिक कमान आहे, नीलच्या प्रत्येक छायाचित्रात दिसते तीच. तिच्यापर्यंतची वाट ओहोटीतच उघडी पडते. भरतपूरचा उथळ, निळाशार किनारा मात्र याच्या नेमका उलट आहे. पोहायला किंवा तळाला काच असलेल्या बोटीतून प्रवाळ पाहायला तो भरतीच्या सुमारास उत्तम असतो. पूर्ण ओहोटीत तेथे प्रवाळाचे खडक उघडे पडतात आणि गुडघाभर पाण्यात चालणेही धोक्याचे होते. म्हणजे एकाच दिवशी चार तासांच्या खिडकीत ही दोन्ही ठिकाणे चांगल्या अवस्थेत मिळणे बहुधा शक्य नसते. ज्यांची बोट चुकीच्या वेळी लागते ते कमान लांबून पाहतात, नाहीतर भरतपूरला पाण्यात न उतरताच परत येतात, आणि नाशिकला आल्यावर ‘नीलमध्ये काही विशेष नाही’ असे सांगतात. दोन रात्री राहिल्यास किमान एक भरती आणि एक ओहोटी उजेडात नक्की सापडते.

हा अंदाज घरबसल्या, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून बांधता येतो. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते आणि ओहोटीही सर्वांत खोल जाते. त्याचा जोर प्रत्यक्षात एक-दोन दिवस उशिरा, द्वितीया-तृतीयेला सर्वाधिक जाणवतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येला आणि भाऊबीज द्वितीयेला येत असल्याने आपण भाऊबीजेनंतर लगेच निघालात तर चतुर्थी-पंचमीला नीलवर असाल, आणि तेव्हाची ओहोटी कमानीसाठी अजून चांगली असते. दोन-चार दिवस उशिरा निघालात तर अष्टमी गाठली जाईल. कमान तेव्हाही दिसेल, पण खडकांवर मोकळेपणाने फिरायला मिळणारा वेळ कमी होईल. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब अंदमानात जसाच्या तसा लावू नये, कारण तेथील वेळा वेगळ्या आहेत. पोर्ट ब्लेअरचे भरतीचे वेळापत्रक इंटरनेटवर मिळते. आपल्या तारखांचे पाहून कागदावर उतरवून घ्यावे. सलग दोन भरतींमध्ये साधारण साडेबारा तासांचे अंतर असते आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, एवढे लक्षात ठेवले तरी भागते.

कमानीकडे जाणाऱ्या वाटेबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण आई-वडिलांचा प्रश्न तिथेच आहे. रिक्षा थांबते तिथे टपऱ्या आहेत आणि शहाळी मिळतात. तिथून झाडीतून खाली उतरले की किनारा लागतो. त्यापुढे वाळू संपून मृत प्रवाळाचे खडबडीत, खड्ड्याखड्ड्यांचे खडक सुरू होतात. त्यांवर हिरवट शेवाळ असते आणि पाऊल कधी टोकदार कडेवर पडते, कधी घोटाभर पाण्यात. रबरी चप्पल इथे हमखास दगा देते. मागे पट्टा असलेली, तळव्याला पकड असलेली सॅन्डल हवी. स्थानिक मार्गदर्शक थोड्या पैशांत बरोबर येतात आणि त्यांना अवश्य घ्यावे, कारण खड्ड्यांत अडकलेल्या पाण्यात काय दडले आहे ते आपल्या डोळ्यांना दिसत नाही. काळपट, लिबलिबीत, वीतभर लांबीची समुद्रकाकडी (हा प्राणी आहे) तर मुले दगड समजून ओलांडून जातात. खडकात रुतून बसलेला मोठा शिंपला सावली पडताच आपली निळी-जांभळी किनार आत ओढून घेतो, ते मुलांना मुद्दाम थांबून पाहू द्यावे. हात कशालाही लावू नये, आणि कोणी मार्गदर्शक प्राणी उचलून मुलांच्या हातावर ठेवू लागला तर त्याला नम्रपणे नको म्हणावे. समुद्रकाकडी आणि प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे. आपल्या आई-वडिलांनी टपरीपाशी किंवा फार तर वाळू संपते तिथपर्यंत यावे, त्यापुढे जाऊ नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

त्यांच्यासाठी भरतपूर आणि लक्ष्मणपूर क्रमांक एक हे किनारे उत्तम. भरतपूर जेटीला लागूनच आहे, तिथे सावली आहे, खाण्याची दुकाने आहेत आणि पाणी शांत असते. लक्ष्मणपूर एकवर सूर्यास्त पाहतात. आणि इथे नाशिककरांची हमखास फसगत होते. अंदमान पूर्वेला बरेच दूर असूनही घड्याळ आपलेच चालते. त्यामुळे नोव्हेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेपाचला अंधार पडतो. दुपारी जेवून, वामकुक्षी घेऊन पाचला निघायचे म्हटले तर हाती अंधार लागतो. चारला हॉटेल सोडावे. सकाळही तशीच लवकर होते. साडेपाचच्या सुमारास सीतापूरला सूर्योदय पाहता येतो, आणि वयस्कर माणसे एवीतेवी त्या वेळेला जागी असतातच. सीतापूरला लाटांचा जोर जास्त असतो, तिथे मुलांना पाण्यात सोडू नये. गोदावरीत पोहायला शिकलेल्या माणसालाही समुद्राच्या पाण्याची ओढ नवी असते, हे मोठ्यांनीही ध्यानात ठेवावे. मगरीच्या सूचनेचा फलक जिथे असेल तिथे कोणी काहीही सांगितले तरी पाण्यात उतरू नये. असे फलक उगाच लावलेले नसतात.

बोटींकडे वळू. पोर्ट ब्लेअरहून नीलचे अंतर ४० किलोमीटरच्या आत आहे आणि खासगी जलद बोटीने थेट गेल्यास दीडेक तासात पोहोचता येते. बोट हॅवलॉकमार्गे जात असेल तर वेळ वाढतो. सरकारी बोटी स्वस्त आहेत आणि त्यांच्या डेकवर उभे राहून वारा खाता येतो, पण त्यांत स्थानिक रहिवाशांना प्राधान्य असते, आणि ते योग्यच आहे. सुट्ट्यांच्या हंगामात सहा जणांच्या कुटुंबाने त्यांच्या भरवशावर राहू नये. खासगी बोटींची तिकिटे आधी काढता येतात. विमानाची तिकिटे झाली की लगेच हीच काढावीत, हॉटेल त्यानंतर. पुष्कळ जण क्रम उलटा करतात आणि मग हॉटेलच्या तारखांना बोट मिळत नाही.

ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोटही लागण्याची शक्यता धरावी. बहुतेक खासगी बोटी बंद, वातानुकूलित असतात आणि त्यांत बाहेरची हवा मिळत नाही. खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्याजवळ किंवा थोडे मागे बसावे. हेलकावा तिथे सर्वांत कमी जाणवतो. पुढच्या काचेजवळच्या महाग जागा दिसायला छान, पण उलटी होणाऱ्याने त्या घेऊ नयेत. पोट अगदी रिकामेही नको आणि तुडुंबही नको. गोळी घ्यायची असल्यास निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. आई-वडिलांची रक्तदाबाची वा अन्य औषधे चालू असतील तर कोणती गोळी चालेल हे आपल्या डॉक्टरांना इथेच विचारून घ्यावे.

हवामानाविषयी खरे सांगायचे तर आपण निवडलेला काळ सर्वोत्तम नाही. जानेवारी ते मार्च हा तिथला सर्वांत निवांत काळ. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस पडतो आणि बंगालच्या उपसागरात वादळे तयार होण्याचा हाच हंगाम असतो. बहुतेक वर्षी याचा अर्थ एखादी सर आणि ढगाळ दुपार एवढाच असतो. पण डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवेमुळे बोटी बंद पडून हॅवलॉक व नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते आणि नौदल व तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना पोर्ट ब्लेअरला आणावे लागले होते. शाळेच्या सुट्टीमुळे आपल्याला तारखा बदलता येत नाहीत, हे मी समजू शकतो. म्हणूनच बेटावरून परतण्याचा आणि विमानाचा दिवस कधीही एक ठेवू नये. शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरला ठेवण्याचे मुख्य कारण हेच आहे: बोट एक दिवस रद्द झाली तरी विमान हातचे जात नाही. आयोजक ‘सकाळच्या बोटीने येऊन दुपारचे विमान आरामात मिळते’ असे म्हणतील. समुद्र शांत असेल तर मिळतेही.

त्या राखीव दिवसाचे काय करायचे, हा प्रश्न नाशिककरांना पडू नये. सेल्युलर जेलसाठी घाईचा एक तास न देता अर्धा दिवस द्यावा. नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर बंधू, गणेश आणि विनायक, दोघेही येथे होते, आणि विनायक सावरकरांची कोठडी हे येथील सर्वांत गजबजलेले ठिकाण असते. ही कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, इमारतीच्या टोकाला आहे. जिने चढून लांब व्हरांड्यातून चालावे लागते. आई-वडिलांना ती पाहायचीच असेल, आणि नाशिकच्या त्या पिढीला ती बहुधा पाहायचीच असते, तर सकाळी उन्हाआधी, विश्रांती घेत जावे. ध्वनि-प्रकाश कार्यक्रम संध्याकाळी असतो, त्याचे तिकीट वेगळे काढावे लागते.

स्कूबाविषयी आपण विचारलेले नाही, पण मुले तिथे पोहोचताच विचारतील. नीलवर त्याची सोय आहे. साधारणपणे दहा वर्षांखालील मुलांना उतरवत नाहीत. त्यामुळे धाकट्याची समजूत आधीच काढून ठेवावी, त्याच्यासाठी काचेच्या तळाची बोट आहेच. दमा, हृदयविकार, कानाची तक्रार किंवा नियंत्रणात नसलेला रक्तदाब असणाऱ्याने उतरू नये, आणि उतरण्यापूर्वी भरून घेतात त्या आरोग्यविषयक अर्जात खरे तेच लिहावे. स्कूबा केल्यानंतर किमान १८ तास विमानात बसू नये, कारण पाण्याच्या दाबामुळे रक्तात विरघळलेला नायट्रोजन उंचावर बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येऊ शकतो. मी सुचवलेल्या क्रमात हे अंतर आपोआप पाळले जाते.

पैसे रोख न्यावेत. ऑनलाइन पैसे देण्याची सोय बहुतेक दुकानांत आहे, परंतु नेटवर्क गेले की ती सोयही जाते, आणि नेटवर्क पावसात जातेच. वीजही अधूनमधून जाते. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. त्यापुढचे उपचार पोर्ट ब्लेअरला. म्हणून नेहमीची औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवस जास्त, मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवावीत. संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूतल्या बारीक माश्या चावतात आणि त्याची खाज दोन-तीन दिवस जात नाही. पाय झाकणारे कपडे आणि डास पळवणारे मलम हाच त्यावरचा उपाय. जेवणाची अडचण येणार नाही. मासे उत्तम मिळतात. शाकाहाऱ्यांना डाळ, भात, पोळी आणि बेटावरचीच ताजी भाजी मिळते, फक्त पोळ्या घरच्यासारख्या असतील ही अपेक्षा नको. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी हॉटेलला आदल्या दिवशी सांगून ठेवावे. संध्याकाळी सातनंतर दुकाने झपाट्याने ओस पडतात, मुलांचा खाऊ आधीच घेऊन ठेवावा.

येताना शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे किंवा वाळूची बाटली सामानात भरू नये. किनाऱ्यावर नुसते पडलेले दिसले तरी नाही. विमानतळावर सामान तपासताना ते सापडतात आणि प्रकरण कायद्यापर्यंत जाऊ शकते. मुलांच्या खिशांवर लक्ष ठेवावे.

राहिला प्रश्न नाशिकहून निघण्याचा. पोर्ट ब्लेअरला बहुतेक विमाने सकाळी ते दुपारपर्यंत उतरतात, त्यामुळे मुंबईहून थेट गेलात किंवा चेन्नई अथवा कोलकात्यामार्गे गेलात तरी मुंबईचे विमान पहाटेचे असण्याची शक्यता जास्त. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, परंतु आमणेपासून पुढची भिवंडी-ठाण्याची कोंडी आहे तिथेच आहे. मध्यरात्री निघून पहाटे विमान गाठणे तरुणांना जमते. आई-वडिलांना घेऊन आदल्या संध्याकाळी विमानतळाजवळ मुक्काम करावा. नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून बंगळूर किंवा हैदराबादमार्गे जोड मिळत असेल तर ती जरूर पाहावी, मात्र दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असावीत. वेगवेगळ्या तिकिटांवर पहिले विमान उशिरा आले, तर दुसरे चुकल्याची जबाबदारी कोणी घेत नाही.

आयोजकाला उत्तर देताना त्याच्याकडून तीन गोष्टी लेखी मागवाव्यात: नीलला पोहोचण्याच्या व तिथून निघण्याच्या बोटींची नावे व वेळा, बोट रद्द झाल्यास वाढीव मुक्कामाचा खर्च कोण करणार, आणि हॉटेलची खोली तळमजल्यावर मिळेल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘तिथे गेल्यावर कळेल’ असे आले, तर बोटींची तिकिटे आपली आपण काढावीत.